हवेचा स्क्रू

पुलगावात स्टेशन रोडला श्रावणचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, टिनाचं शेड आणि एक लाकडी टेबल. पण कार्बोरेटरसाठी लोक देवळी-आर्वीहून त्याच्याकडे गाड्या आणत. अकरा वर्षं तो फौजेच्या वर्कशॉपमध्ये होता, त्यातली दोन लेहला. इंजिन चालू झालं की तो मान खाली घालून ऐकायचा आणि स्क्रूड्रायव्हर जरासा फिरवायचा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागायचं.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर गजेंद्र टेम्पोत घालून एक अजब वाहन घेऊन आला. चार जाड चाकांची मोटरसायकल. कोकणातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टमधून त्यानं ती जुनीच उचलली होती. गावात त्याचं कापडाचं दुकान होतं आणि नऊ किलोमीटरवर, वर्धा नदीच्या काठाला, शेत. काळ्या चिखलातून कापसाची गाठोडी वाहायला ती बरी पडेल असं त्याला वाटलं होतं.

"बाकी झकास चालते, श्रावणभाऊ. फक्त निंबाखाली बंद पडते."

"म्हणजे?"

"सालदाराच्या झोपडीजवळ निंबाचं झाड हाय. तिथं गेली का घुसमटते. पुढं ढकलली का चालू."

श्रावण हसला. त्यानं कार्बोरेटर खोलला, जेट फुंकून साफ केले, फ्लोटची उंची बघितली, हवेचा स्क्रू दीड फेरा उघडा ठेवला. शेडमध्ये गाडी दिवसभर शिलाई मशिनीसारखी चालली. चार दिवसांनी ती परत आली. पुन्हा तीच तक्रार. दुसऱ्यांदा त्यानं पेट्रोलची नळी आणि प्लग बदलला. तिसऱ्यांदा गजेंद्रनं गाडी आणलीच नाही, नुसता फोन केला.

"तुमीच या शेतात."

श्रावण गेला तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. कापूस चांगला फुटला होता. दूरच्या ओळीत सालदाराची बायको वर्षाली वेचणी करत होती. नवरा, गजेंद्रचा वर्षाचा गडी, बैल घेऊन गावात गेला होता. निंबाखाली त्यांची झोपडी होती आणि खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली. झोळीत तिची चार महिन्यांची पोरगी झोपली होती.

"गावात खोली देतो म्हटलं याईले, तरी ती इथून हालत नाई," गजेंद्र म्हणाला.

श्रावण गाडीवर बसला. बांधावरून ती मस्त आली. झाड तीस पावलांवर आलं आणि आवाज जड झाला. सावलीत शिरताच इंजिन गुरगुरलं, काळा धूर टाकला आणि बंद पडलं.

त्यानं प्लग काढला. नवा प्लग काजळीनं काळा झाला होता. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. त्यानं फिल्टर काढून उन्हाकडे धरून बघितला; स्वच्छ होता. चोक पूर्ण उघडा होता. मग प्लग पुसून परत बसवला, गाडी चालू केली आणि हवेचा स्क्रू सोडायला सुरुवात केली. दोन फेरे. अडीच. तीन. साडेतीन फेऱ्यांना इंजिन कसंबसं टिकलं.

त्याचा हात तिथंच थांबला. इतका उघडा स्क्रू त्यानं आयुष्यात एकाच ठिकाणी ठेवला होता. लेहच्या वर, घाटात, जिथं माणसाला चार पावलांत धाप लागते.

इथं समोर सपाट कापूस होता आणि पलीकडे नदी.

"काय झालं?" गजेंद्रनं विचारलं.

"रेस धरून ठेवा. बंद नका करू."

तो इंजिनाजवळ उकिडवा बसला आणि ऐकू लागला. आवाज एकसारखा नव्हता. तो हळूहळू बसत जायचा, अगदी बंद पडायच्या काठावर पोचायचा आणि मग सावरायचा. श्रावणनं मनात आकडे मोजले. चौदा झाले की आवाज बसायचा. पुन्हा चौदा, पुन्हा बसायचा. एकदाही चुकला नाही.

पेट्रोलपासून दूर सरकून त्यानं काडी ओढली. इंजिन बसलं तशी ज्योत निळी होऊन काडीला चिकटली. सावरलं तशी पुन्हा उभी राहिली. वारा नव्हता. निंबाचं पानही हलत नव्हतं.

"हवा कमी होऊन राह्यली, गजूभाऊ. मंग वापस येऊन राह्यली."

"कुठं जाते?"

श्रावण झोळीकडे बघत होता. इंजिन बसायला लागलं तसं झोळीचं कापड आतून फुगलं होतं. सावरलं तसं ते खाली गेलं.

तो उठला. लेहला एक जवान झोपेतच गेलेला त्यानं पाहिला होता. इतक्या विरळ हवेत चार महिन्यांचं लेकरू.

त्यानं पोरीला उचललं आणि उन्हात धावला. बांधापर्यंत गेला, मग मागं वळून बघितलं. तीस पावलं झाली होती. इथं हवा भरपूर होती.

पोरीचे डोळे उघडे होते. ती त्याच्याकडे शांत बघत होती.

तिची छाती हलत नव्हती.

त्यानं तिच्या नाकाशी बोट धरलं. काही नाही. पाठीवर थोपटलं. काही नाही. तिचे ओठ निळसर व्हायला लागले.

"तिले काऊन हालवलं?"

वर्षाली कापसातून धावत येत होती. ओटीतला कापूस वाटेवर सांडत होता. तिनं पोरगी हिसकावली आणि तशीच झाडाकडे पळाली. श्रावण तिच्यामागं गेला. गजेंद्र गाडीजवळच होता, रेस धरून, तोंड उघडं टाकून.

इंजिन बसलं.

पोरीनं एक लांब, खोल श्वास घेतला.

"इथून नेली का तिचा श्वास बंद पडते," वर्षाली म्हणाली. तिनं पोरीला झोळीत ठेवलं. "दवाखान्यात चार दिवस नळ्या लावून होती. इथं आणली अन् आपोआप घेतला. तवापासून नेत नाई."

"डॉक्टर काय म्हणले?" श्रावणनं विचारलं.

"त्याईले काय सांगू?"

वर्षालीनं झोळीला हलका झोका दिला. ती श्रावणपासून हातभर अंतरावर उभी होती. भर उन्हात ती अर्धं शेत धावून आली होती. कपाळावरून घाम ओघळत होता, पिंढऱ्या कापसाच्या पऱ्हाट्यांनी ओरबाडल्या होत्या. पण तिला धाप लागलेली नव्हती. बोलणं संपल्यापासून तिच्या अंगावर श्वासाची हालचालही दिसत नव्हती.

मागं इंजिनाचा आवाज पुन्हा जड झाला.

झोळीचं कापड फुगलं आणि त्याच वेळी वर्षालीचे खांदे सावकाश वर गेले.