एक नंबरचं सिलिंडर

दैवशाला भुतेकर विहिरीवर पोहोचली तेव्हा प्रेमचं प्रेत चादरीखाली होतं आणि चार पावलांवर सत्कार चालू होता.

उपनिरीक्षक म्हणून नऊ वर्षांत तिनं बरंच काही पाहिलं होतं. पण मेलेल्या माणसाच्या उशाशी फोटोसाठी शाल सरळ करून घेणारी माणसं ती पहिल्यांदाच बघत होती. शाल कल्याणच्या खांद्यावर होती. बुडालेल्या प्रेमला त्यानंच वर आणलं होतं. अंगाचं पाणीही निथळलं नव्हतं, आणि बचाव पथकाचा अध्यक्ष हरिओम त्याच्या हातात नारळ देत होता.

"आमच्या पथकाचा वाघ आहे, मॅडम," हरिओम म्हणाला. "जिवाची पर्वा केली न्हाई."

"आधी ती शाल-नारळाची हौस आवरा. काय झालं ते सांगा."

झालं ते असं. राजूरचे व्यापारी उत्तमचंद यांचा नातू याच विहिरीत बुडाला होता. म्हणून शेठजींनी पथकाला पाणबुड्यांचं सामान दिलं. दोन सिलिंडर, आणि त्यांत हवा भरायचा कंप्रेसर. चार वर्षं ते यंत्र गोदामात पडून राहिलं. आज पावसाळ्याआधीचा सराव म्हणून ते सुरू केलं, शेठजींच्याच हस्ते. प्रेम हवा पाठीवर घेऊन चाळीस फूट पाण्यात उतरला. दहा मिनिटांत बुडबुडे थांबले.

"आन् कंप्रेसर दुरुस्त करून चालवला कोणी? त्यानं," हरिओमनं बोट दाखवलं. "मृताचा सासरा. आधी त्याला उचला."

रामकिसन बाभळीखाली एकटाच बसला होता. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात त्यानं तीस वर्षं यंत्रं सांभाळली होती. त्यात कान गेले होते. त्याची लेक तृप्ती चादरीजवळ होती. तो उठून दोन पावलं पुढं आला, तशी ती म्हणाली, "यांना लांब न्या. माझ्या माणसाला यांनी मारलं."

रामकिसनला ते ऐकू आलं की नाही, कळलं नाही. पण तो परत खाली बसला. त्या म्हाताऱ्याचं आता उरलंसुरलं काय होतं, तर ही लेक. तीही दुरावली होती.

प्रेत भोकरदनच्या दवाखान्याकडं रवाना झालं. सामान तिथंच राहिलं. प्रेमच्या सिलिंडरवर पांढऱ्या रंगात '१' हा आकडा होता. सिलिंडरच्या गळ्याभोवती बोटभर रुंदीची, पट्टीनं आखल्यासारखी शेवाळाची रेघ चिकटली होती. बाकी सिलिंडर लख्ख. दैवशालानं त्याचा फोटो काढला. कल्याणच्या दोन नंबरवर अशी रेघ नव्हती.

मग ती यंत्राच्या खोलीत गेली.

आत शिरताच तिनं नाकावर रुमाल धरला. धूप, जळकं तूप, झेंडूचा लगदा, फुटलेल्या नारळाचं आंबलेलं पाणी. कंप्रेसरला हळदीकुंकवाचे पट्टे ओढले होते. त्याच्यासमोर जमिनीवर पितळी धुपाटणं होतं, गोवऱ्यांच्या राखेनं काठोकाठ भरलेलं. एकुलती खिडकी बंद, तिच्यावरून शुभेच्छांचा बॅनर. हवा ओढणारा जाड पाइप धुपाटण्याच्या शेजारीच पडला होता. त्याच्या तोंडाशी काजळी होती.

बाकावर एक पांढरा हातरुमाल घडी करून ठेवला होता. त्याच्यावर मध्यभागी गोल सुरकुतलेला ठसा होता. डाग मात्र एकही नव्हता.

तिनं आधी हरिओमला गाठलं.

"हा पाइप इथं कोणी टाकला?"

"खिडकीतून बाहेर काढला होता काकानं. पूजेच्या फोटोत आडवा येऊन राह्यला होता. मी आत घ्यायला लावला."

"खिडकी?"

"धूळ येत होती, मॅडम. शेठजींना दमा आहे."

"धुपाटणं बाहेर का नाही ठेवलं?"

"यंत्राची पूजा बाहेर करतात का?" हरिओमला खरंच आश्चर्य वाटलं.

"सिलिंडरवर काही खूण होती?"

"नंबर होते ना. एक आन् दोन."

"हवा भरली तेव्हा रामकिसन कुठं होता?"

"पहिलं भरत असताना वीज कमी-जास्त व्हायला लागली, म्हणून डीपीकडं गेल्ता. आम्हाला तर जल्दी होती. शेठजी एक घंटा उन्हात बसेल होते."

"आणि तुम्ही?"

"मी त्यांच्यापाशी. दारातून दोन-तीनदा आवाज दिला, बस."

कल्याण शाल पांघरूनच आला. मे महिन्यात. डोळे लाल होते, आवाज बसलेला.

"प्रेम माझा भाऊच होता, मॅडम. सहा वर्षं संगं विहिरी उतरलो. लोकांच्या मोटरी काढल्या, मढी काढली."

"त्याच्या पाठीवर सिलिंडर कोणी बांधलं?"

"मीच."

"आणि दोन नंबर?"

"माझ्या पाठीवर. मी राखीव होतो."

"एक नंबरवर काही खूण होती?"

"खूण? न्हाई. पट्टी-बिट्टी काही लावेल नव्हती."

"हवेला वास?"

"बिलकुल न्हाई. प्रेमनं श्वास घेऊन बघितला, हात वर केला, आन् उतरला. मशीनच सडेल असंल. चार वर्षं बंद म्हणल्यावर."

तो हे बोलताना अधूनमधून फोन बघत होता. सत्काराचे फोटो आले होते.

तीन वाजता दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, पाण्यात बुडालेलं प्रेत निळं पडतं. याची नखं आणि ओठ गुलाबी आहेत. रक्त तपासणीला पाठवलंय. पण असं प्रेत मी आधी एकदाच पाहिलं. थंडीत दार लावून शेगडी पेटवून झोपलेलं जोडपं होतं."

दैवशाला बाभळीखाली जाऊन रामकिसनसमोर मातीतच बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "काका, यंत्र कसं सुरू केलं ते सांगा. सगळं."

यंत्राचा विषय निघाला म्हणून म्हातारा बोलला.

"तीन दिवस लागले. जुनं तेल काढलं, काळं झाल्तं. श्वासाच्या हवेला चालतं तेच नवीन तेल घातलं. गाळणी बदलली. चाक हातानं फिरवलं, आडकत न्हाई ना ते बघितलं. मंग काल अर्धा घंटा सिलिंडर न लावता मोकळंच चालवलं. हवा पांढऱ्या रुमालावर सोडली. डाग न्हाई, वास न्हाई."

"मग आज?"

"डीपीवरून आलो तं खोली धुरानं भरेल. पाइप आत. एक नंबर भरून झाल्तं. मी त्याच्या गळ्याला लाल पट्टी मारली, खराब हवा म्हणून. पाइप खिडकीतून बाहेर घातला आन् दोन नंबर लावलं. ते भरल्यावर कोणी परत पाइप आत ओढला, खिडकी लावली, मला ठावं न्हाई."

"एक नंबर रिकामं का नाही केलं?"

"मशीनपाशी थांबणं भाग होतं. दारात माणूस उभा होता. त्याला म्हणलं, एक नंबरची हवा सोडून दे, परत भरू. तो हो काका म्हणला आन् सिलिंडर घेऊन गेला."

"कोण?"

रामकिसननं मान खाली घातली. "मशीनच्या आवाजात मला आवाज ओळखू येत न्हाई. आन् धुरात नुसती सावली दिसली. हरिओम सारखा दारातून वरडत होता. त्याचाच माणूस असंल म्हणलं."

"हे सकाळीच का नाही सांगितलं?"

"लेकच ऐकत न्हाई. मंग कोणाला सांगू?"

दैवशालानं शिपाई सुमितला पाणबुडे कपडे बदलत होते तिथं पाठवलं. अर्ध्या तासानं तो खाटेच्या खालून लाल पट्टीची चुरगळलेली गोळी घेऊन आला.

तिनं सगळ्यांना यंत्राच्या खोलीतच बोलावलं. वास तसाच होता. तो त्यांनाही यावा अशी तिची इच्छा होती.

"प्रेम बुडाला नाही. त्याला विषारी हवा पाजली," ती म्हणाली. "यंत्र सडकं असतं तर रुमालावर तेल आलं असतं. रुमाल स्वच्छ आहे. म्हणजे विष बाहेरून आलं. कोंदट खोलीत निखारे धुमसले की जो बिनवासाचा विषारी वायू होतो, तो या पाइपनं ओढला आणि सिलिंडरमध्ये दाबून भरला. गाळणीनं धुराचा वास खाल्ला. वायू तिच्यानं अडत नाही. म्हणून प्रेमला काहीच कळलं नाही."

हरिओमनं धुपाटण्यावरची नजर काढून घेतली.

"पाइप आत तुम्ही घेतलात, हरिओम. त्याचा जबाब तुम्हाला द्यायचाच आहे. पण ती चूक रामकिसनकाकांनी पकडली होती. त्यांनी एक नंबरला लाल पट्टी मारली आणि हवा सोडायला सांगितली. कोणीतरी पट्टी सोलली. चिकट डिंक राहिला, त्यावर विहिरीतलं शेवाळ बसलं. मी दोघांनाही खूण विचारली. हरिओमनी आकडे सांगितले, जे कोणीही सांगेल. पट्टीचा शब्द तेव्हा मी ऐकलासुद्धा नव्हता. तो तू उच्चारलास, कल्याण. दारात तू होतास. आणि चांगलं सिलिंडर तुझ्याच पाठीवर होतं."

कल्याणनं शाल घट्ट ओढून घेतली.

"पट्टी सापडलीये. चिकट बाजूवर बोटाचा ठसा छान उमटतो."

"परत भरायला आणखी पाऊण घंटा लागला असता," कल्याण शेवटी म्हणाला. "अध्यक्ष डोक्यावर बसेल होते. आन् धुरानं काय होतं, मॅडम? आमच्या माय जिंदगीभर चुलीपुढं बसल्या. धुरानं कोणी मेलं का?"

"काही होत नव्हतं, तर एक नंबर स्वतः का नाही बांधलंस?"

कल्याण दाराकडं बघू लागला.

"दिवसभर ही शाल अंगावर घेऊन त्याच्या सासऱ्याच्या मशीनवर खापर फोडत फिरलास," दैवशाला म्हणाली. "सुमित, घेऊन जा याला. माझ्या नजरेसमोरून आधी हलव."

संध्याकाळी प्रेत घरी आलं. दैवशाला रामकिसनला जीपमधून घेऊन गेली आणि अंगणात तृप्तीसमोर उभं राहून सगळं सांगितलं, काही न लपवता. तृप्ती रडली नाही. सगळं ऐकून तिनं बापाकडं पाहिलं.

"अप्पा, कोणाच्या हातात दिलं ते डोळ्यानं बघायचं तरी होतं."

"न्हाई बघितलं, बाई."

शेजारच्या बायांनी रडणं थांबवलं. तृप्तीनं नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली आणि स्वतः थोडी बाजूला सरकली.

"बसा इथं," ती म्हणाली. "खांदा तुम्हालाच द्यायचाय."