शेवटचा बुडबुडा

त्यांची पहिली भेट झाली ती मोटरसायकलच्या आगाऊपणामुळे. सिस्टर दवाखान्यातून दमून परतली होती. हातात लिंबांची पिशवी घेऊन ती फाटकातून आत शिरत होती, तेवढ्यात मागून एका चाकाने तिला हळूच ढुशी दिली. लागेल अशी नाही, वासरू देतं तशी. पिशवी सुटली आणि लिंबं अंगणभर पळाली.

"सॉरी, सॉरी! मी क्लच दाबला होता हो... अगदी पूर्ण दाबला होता. तरी ही पुढे सरकली!" गाडीवरचा उंच माणूस हेल्मेट काढत म्हणाला.

"म्हणजे चूक गाडीची?"

"नाही, चूक माझीच. पण सुरुवात तिने केली."

हसू दिसू नये म्हणून सिस्टर घाईघाईने वाकली. तोही वाकला. शेवटच्या लिंबावर दोघांचे हात एकदम पडले, असं सांगायला आवडलं असतं, पण शेवटचं लिंबू सरळ गटारात गेलं. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले आणि मग एकमेकांकडे.

तो तळमजल्यावरच्या खोलीत नवा भाडेकरू म्हणून आला होता. नदीवरचा जुना पूल तपासण्याचं काम होतं त्याचं. छोट्या हातोडीने एकेक जोड वाजवायचा, कान लावायचा आणि कुठे पोकळ आहे ते शोधायचं. सिस्टरच्या मावशीने दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'पूलवाले' ठेवून टाकलं. सिस्टर या मावशीकडेच राहायची. ती डायलिसिसच्या वॉर्डात नर्स होती, त्यामुळे अख्खी इमारत तिला सिस्टर म्हणे. पूलवाले मात्र तिला काहीच म्हणत नसत. जिन्यात भेटले की नुसतं खाकरायचे, आणि ते खाकरणं सिस्टरला फार आवडायचं.

"क्लच अजून तसाच?" ती विचारायची.

"तसाच. पण आता फाटकाच्या अलीकडेच इंजिन बंद करतो. तुमच्या लिंबांची काळजी वाटते."

आणि खरंच, रोज संध्याकाळी फाटकाशी इंजिन थांबायचं आणि गाडी ढकलत आणल्याची खसखस ऐकू यायची. मग सिस्टरला उगाच गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायची आठवण व्हायची. कुंड्या बिचाऱ्या गारठून गेल्या होत्या.

असे काही महिने गेले. एका रविवारी दुपारी जेवताना मावशी म्हणाली, "पूलवाले चालले उद्या. पुलाचं काम संपलं. घाटापलीकडे मोठं काम देतायत म्हणे. इथल्या ऑफिसातही जागा आहे, पण काय ते आज संध्याकाळपर्यंत साहेबांना कळवायचंय. अजून कळवलं नाही, पण सामान बांधून ठेवलंय."

सिस्टरचा घास हातातच राहिला. "मग मला कशाला सांगतेस?"

"तुला कोण सांगतंय? मी भाताला सांगतेय," मावशी म्हणाली आणि तिने भात वाढून घेतला.

सिस्टर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने खाली उतरली. कपडे मात्र वरच राहिले. अंगणात पाहते तर पूलवाले मोटरसायकलवर आडवे पडलेले! डावा हात हँडलवरच्या क्लचवर, उजवा हात खाली इंजिनापाशी, त्यात पाना, आणि गाल टाकीला टेकलेला.

"हे काय? निरोप घेताय का तिचा?"

तो धडपडत सरळ झाला. खाकरला. "नळीत हवा शिरलीय. तेलाच्या. क्लचच्या तेलाच्या नळीत, म्हणजे... उद्या घाट उतरायचाय, असल्या मऊ क्लचवर कसं जायचं? वर लिव्हर दाबून धरायचा आणि खाली हा छोटा स्क्रू सैल करायचा, की तेलाबरोबर हवा बाहेर येते. पण दोन हात पुरत नाहीत."

स्क्रूवर एक पारदर्शक नळी बसवली होती आणि तिचं दुसरं टोक काचेच्या बरणीतल्या तेलात बुडवलं होतं. नळीत बुडबुडे होते. ते पाहिले मात्र, सिस्टर बाकी सगळं विसरली. वॉर्डात नळीत बुडबुडा दिसला की तिचा जीव वरखाली व्हायचा. नळीतली हवा तिला बघवतच नसे.

"पाना इकडे द्या. तुम्ही लिव्हर धरा."

"तुम्हाला येतं?"

"मी माणसांना लावायच्या नळ्यांतली हवा काढते. ही बिचारी तर तक्रारही करणार नाही." ती उकिडवी बसली. "फक्त एक ध्यानात ठेवा. मी स्क्रू आवळून 'सोडा' म्हणेपर्यंत लिव्हर सोडायचा नाही. नाहीतर गेलेली हवा परत आत."

"बरं."

"दाबा."

"दाबला."

"धरून ठेवा."

"धरलाय..."

"हं, सोडा."

बघता बघता दोघांना लय सापडली. मध्ये इंजिन होतं, त्यामुळे तिला त्याचे फक्त बूट दिसत होते आणि आवाज ऐकू येत होता. चेहरा दिसत नसला की बोलणं जरा सोपं जातं. मधूनमधून तो हँडलवरच्या डबीत नवं तेल ओतत होता. दाबा, धरा, सोडा. दुपारच्या उन्हात अंगण पेंगत होतं.

"चाललात म्हणे."

"मावशींनी सांगितलं?"

"भाताला सांगितलं. मी शेजारी बसले होते."

तो हसला आणि त्याने पुन्हा लिव्हर दाबला. नळीतले बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. नितळ तेल यायला लागलं. सिस्टर खूश होणार, तेवढ्यात भुर्रकन बुडबुड्यांची माळच आली.

"लवकर सोडलात तुम्ही!"

"सॉरी... निसटला."

पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुन्हा नितळ तेल आणि पुन्हा बुडबुडे. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा सिस्टर पाना घेऊन उभीच राहिली.

"अख्ख्या पुलाचा एकेक बोल्ट तपासता ना तुम्ही? आणि एक लिव्हर धरवत नाही?"

"हाताला घाम आलाय."

"चांगला गार वारा सुटलाय!"

पूलवाल्यांचे कान लालबुंद झाले. ते डबीतल्या तेलाकडे असे बघत राहिले, जणू त्यात काही लिहिलंय. आणि सिस्टरला एकदम उमगलं, की हा माणूस मुद्दाम हात सोडतोय. तिच्या छातीत गोड धडधडलं, आणि त्याच दमात रागही आला. माणसाने तोंड उघडायचं सोडून त्या मुक्या क्लचला का छळावं?

ती वाट बघत राहिली. तो डबीच्या कडेवरचं तेल पुसत बसला.

"आता नीट धरा," म्हणत ती पुन्हा खाली बसली. यावेळी त्याने नीट धरला. बुडबुडे संपले, तिने स्क्रू आवळला, नळी काढली. त्याने लिव्हर दाबून पाहिला.

"अजून जरासा मऊ लागतोय. असू दे... नाहीतर उद्याऐवजी परवा निघेन."

कुठे अडलंय ते सिस्टरला ठाऊक होतं. हवा नेहमी उंच जागा धरून बसते. हँडलवरच्या डबीखाली, नळीच्या अगदी वरच्या वळणात, एक बुडबुडा दडून बसला असणार. दोन टिचक्या मारल्या की तो बाहेर. आणि नाही मारल्या तर? तर हा माणूस परवापर्यंत राहील, कदाचित आणखीही. कुणाला कळणार होतं? मोह तर चांगलाच झाला तिला. पण घाटातल्या वळणावर हाच लिव्हर ऐनवेळी पोकळ लागला तर? नाही. याला अडवायचं तर तोंडाने अडवावं, बुडबुड्याने नाही.

तिने हँडल वळवून डबी उंच केली. "आता पूर्ण दाबू नका. अगदी थोडा दाबा... सोडा... परत थोडा." ती वॉर्डातल्या सवयीने नळीवर नखाने टिचक्या मारत राहिली. दोघांची डोकी डबीवर वाकली होती, इतकी जवळ की तिला त्याचा श्वास कळत होता. आणि मग तेलातून मोहरीएवढा बुडबुडा वर आला आणि फुटला.

"दाबा."

"घट्ट आहे," तो म्हणाला. "एकदम घट्ट." त्याच्या आवाजात आनंद म्हणून नव्हता.

सिस्टरने फडक्याला हात पुसले. नको इतके पुसले.

"झालं. आता तुम्हाला कुठेही जाता येईल," ती म्हणाली. "म्हणूनच सांगते... जाऊ नका."

वर घरात मावशीचं भांडी लावणं थांबलं.

"काय म्हणालात?"

"ऐकलंत तुम्ही."

"ऐकलं. पण परत ऐकायचंय."

"मला तुम्ही आवडता," सिस्टर म्हणाली. "रोज संध्याकाळी फाटकाशी इंजिन बंद झालं की मला बरं वाटतं. उद्यापासून ते ऐकू आलं नाही, तर मला करमणार नाही. बास. एवढंच होतं."

तो खाकरला, आणि पहिल्यांदाच त्या खाकरण्यानंतर वाक्य आलं. "मी मुद्दाम हात सोडत होतो."

"माहीत आहे. शुद्ध वेडेपणा होता."

"होता. मला वाटलं, काम झालं की तुम्ही वर जाल, आणि मी बसेन सामानापाशी. मला राहायचंय हो. पण जिच्यासाठी राहायचं, तिला विचारायचं धाडसच होईना."

"मग आता सांगा साहेबांना! संध्याकाळ होत आली."

तो खिशातल्या फोनकडे हात नेणार, तोच ती ओरडली, "तेलकट हात! रंगसुद्धा उडवतं ते तेल!" तिनेच फोन काढला, साहेबांचा नंबर लावला आणि चवड्यांवर उभी राहून त्याच्या कानाशी धरला. तो थोडा खाली वाकला. तिचं मनगट त्याच्या गालाला टेकलं आणि तिने ते तिथेच राहू दिलं.

"साहेब, मी इथेच राहतोय... हो, ऑफिसातली जागा घेतो... हो हो, पूर्ण विचार केलाय." मग तो तिच्याकडे वळून कुजबुजला, "तिकडचं काम का सोडतोय विचारतायत. वर कळवावं लागेल म्हणे. काय कारण सांगू?"

सिस्टरने वर पाहिलं. मावशी आता लाजलज्जा सोडून कठड्यावर ओणवी झाली होती. सिस्टरचा चेहरा तापला, पण फोन धरलेला हात हलला नाही.

"सांगा ना..." ती म्हणाली, "घरगुती."

"घरगुती कारण आहे, साहेब," पूलवाले म्हणाले, आणि ते अशा काही आवाजात म्हणाले, की पलीकडून साहेबांनी आधी अभिनंदन केलं आणि मगच विचारलं, मुलगी कोण.