भरल्या पोटी एक गोळी

आमच्या औषधांच्या दुकानात तो पहिल्यांदा आला, तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. समोरच्या चष्म्यांच्या दुकानातला चष्मेवाला. रस्त्यापलीकडून रोज दिसायचा, पण बोललो कधीच नव्हतो.

“सिगारेट सोडायची गोळी डॉक्टरांनी दिली,” स्टुलावर टेकत तो म्हणाला. “सिगारेट राहिली बाजूला, पोटातलंच सगळं वर येतंय!”

“घेतलीत कशी?”

“उपाशीपोटी. म्हटलं, लवकर लागू पडेल...”

मी कपाळावर हात मारला. “आधी जेवायचं, मग ग्लासभर पाण्याबरोबर गोळी. पाकिटातलं पत्रक वाचलं नाहीत?”

“अक्षरं फार बारीक होती हो.”

“चष्मेवाले ना तुम्ही?”

तो असा काही ओशाळून हसला, की — खरं सांगते — मी तिथेच फसले.

एकटा जीव, जेवणाला सदा दांडी. मग संध्याकाळची गोळी माझ्यासमोर, माझ्या डब्यातलं अर्धं खाऊन घ्यायची, असं ठरलं.

“काल स्वप्नात तुम्ही माझ्या दुकानात आलात,” एका संध्याकाळी तो म्हणाला. “सगळे चष्मे लावून बघितलेत, एकही घेतला नाहीत.”

“या गोळीनं चित्रविचित्र स्वप्नं पडतात.”

“रोज तुमचीच? हेही पत्रकात लिहिलंय?”

मी उगाच खोकल्याच्या बाटल्या लावत बसले. कान तापले होते. पण भीतीही वाटायची. माझे बाबा सिगारेटनं गेले. ‘सोडली’ म्हणायचे आणि चोरून ओढायचे. तसलं घर मला पुन्हा नको होतं.

सहाव्या आठवड्यात तो तीन दिवस फिरकलाच नाही. चौथ्या दिवशी आला, तो दारातच थांबला.

“मळमळ, झोपेचं खोबरं... वैतागून गोळ्या बंद केल्या. आणि काल एक ओढली. तुम्हाला कळलंही नसतं, पण... तुमच्याशी खोटं बोलवेना.”

मी फोन उचलला. “डॉक्टरांना विचारू. डोस कमी करता येतो.”

डॉक्टरांनी डोस निम्म्यावर आणला, झोपेबद्दल नीट विचारलं, आठवड्यानं भेटायला बोलावलं. मी फोन ठेवला.

“रागावलात?” त्यानं हळूच विचारलं.

“खूप. पण बाबांनी वीस वर्षं लपवलं... तू दुसऱ्याच दिवशी सांगितलंस.” मी काउंटरमागून बाहेर आले. “सुटायला वेळ लागला तर लागू दे. माझं प्रेम आहे तुझ्यावर.”

तो डोळे पुसत होकाराची मान डोलावत राहिला.