बॉयलरमधली हजेरी

पटत नसेल तर अंबरनाथला या. शिवमंदिराच्या मागे बाळाजीमामांचं घर कुणीही दाखवेल. पण आधी चहा पाजा आणि मग विचारा, नाहीतर अंगावर येतील. या एका विषयावर त्यांचं डोकं फिरलेलं आहे.

आणि भुतं रात्रीच निघतात असं समजू नका. ही गोष्ट गटारीच्या दिवशीची.

भर दुपारची.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे एका कारखान्याचं जुनं पॉवरहाउस आहे, कोळशावर चालणारं. कारखाना वाढला, वीज पुरेना, म्हणून शेजारी दुप्पट मोठं युनिट उभं राहत होतं. दोन्हीची वाफेची लाइन जोडायला जुना बॉयलर थंड करून आतून साफ केला होता. मामा तिथले फोरमन. आता झडप लावून भट्टी पेटवली की मामा सुटले. घरी मटण शिजत होतं.

झडप म्हणजे बॉयलरच्या पोटातलं एक भोक आणि त्यावरचं जाड लोखंडी झाकण. माणूस जेमतेम सरपटत आत जाईल एवढंच. ती लावण्याआधी मामांचा एक नियम होता. प्रत्येकाला नावाने हाक मारायची आणि त्याने बाहेरून ओ द्यायची. आत माणूस राहिला आणि भट्टी पेटली तर... या भीतीने मामांना कित्येकदा झोप लागायची नाही.

मामांनी नावं घेतली. सगळ्यांनी ओ दिली. समीर फिटर झडप ढकलायला वाकला.

आणि आतून आवाज आला...

"आहे."

थकलेला, बारीक आवाज.

मामांनी आत बॅटरी मारली. राख आणि भिंतीवरच्या नळ्या, दुसरं काही नाही. समीर आत जाऊन कोपरान् कोपरा बघून आला.

पुन्हा नावं घेतली. पुन्हा सगळे बाहेर.

आणि पुन्हा...

"आहे."

दुसरा कोणी असता तर पळाला असता. मामा वैतागले. त्यात नव्या युनिटचे विनीतसाहेब डोक्यावर उभे. वरून फोनवर फोन येत होते, आज वाफ हवीच होती. पाइपात हवा अडकली असेल, पेटवा, असं साहेबांचं म्हणणं. हवा 'आहे' म्हणते का, असं मामांनी विचारलं. साहेब म्हणाले, अंधश्रद्धा.

"मग तुमच्या हातानं पेटवा," मामा म्हणाले.

साहेबांनी फोन कानाला लावला आणि तोंड फिरवलं.

शेवटी शिव्या घालत मामाच आत शिरले.

आत गार होतं. बाहेरचं वेल्डिंग, क्रेनचा भोंगा, माणसांची बडबड... सगळं एकदम बंद झालं. मामांना आपलाच श्वास ऐकू येत होता.

वरच्या अंगाला काहीतरी सरकलं...

खरखर... खरखर...

थांबलं.

मामांनी बॅटरी फिरवली. कोणी नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून समीरची हाक आली. "बाळाजीमामा!"

मामा गप्प राहिले. त्यांच्या घरचं जुनं वळण आहे, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. भूत एकदाच हाक मारतं, माणूस पुन्हा मारतो. अंगवळणीच पडलेली गोष्ट. मामा दुसऱ्या हाकेसाठी थांबले.

दुसरी हाक आलीच नाही.

आली ती लोखंडाची करकर... उजेड बारीक होत गेला... आणि मग बोल्टवर पाना फिरल्याचा आवाज.

मामांनी बॅटरीने भिंत बडवली. घसा बसेपर्यंत ओरडले. बऱ्याच वेळाने झडप उघडली आणि समोर समीरचा पांढराफटक चेहरा दिसला.

बाहेर येताच मामांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो गेटकडे बोट दाखवत राहिला.

"मामा, तुम्ही तर बाहेर आलात ना? मी हाक मारली, तुम्ही लगेच ओ दिली. राखेनं पुरे काळे झालेले. बोललात, बंद कर, आत कोण नाय. आणि सीधा गेटकडे गेलात."

मामांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनीही तेच पाहिलं होतं. त्यांनी कानाचा फोन खाली घेतला.

मामांनी परत सगळी नावं घेतली. झडपेला कान लावून बसले. या वेळी आतून काहीच आलं नाही.

भट्टी पेटली. वाफ धरली. मामांना मात्र राग आवरत नव्हता, आणि तो कुणावर काढावा तेही कळत नव्हतं.

दिवेलागणीला घरी पोचले, तर कौसाबाई मामी दारातच चिडलेल्या.

"आता परत कशाला आलात? मगाशी आंघोल करून गेलात ना?"

मामा जागीच थबकले.

"मी गरम पानी काढलं तर नको नको करत भिंतीला टेकलात. थंड पान्याचं अख्खं पिंप अंगावर ओतलंत. मोरी बघा कशी केलीय."

मामांनी मोरीत पाहिलं. काळं, राखेचं पाणी जाळीवर अजून तुंबलेलं होतं.

"आणि जाताना काय ते विचारत होतात?" मामी म्हणाल्या. "माझं नाव का नाय घेत कोणी?"

दुसऱ्या दिवसापासून मामांनी चौकशी लावली, या बॉयलरमधे पूर्वी कोणी माणूस राहिला होता का. ऑफिसात म्हणाले, इथे कधी अपघात झालेलाच नाही. माणसं पुरवणारा जुना ठेकेदार कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही. मामा चिडून चिडून फिरले. शहाडला हरिचंद्र नावाचा एक म्हातारा कामगार सापडला, पण त्यालाही काही सांगता येईना. बाहेरगावची माणसं यायची, जायची, म्हणाला. नावं कोण विचारतंय? 'ए' म्हटलं की यायची.

अजूनही झडप लावताना मामा सगळ्यांची नावं घेतात आणि मग उगाच उभे राहतात. अजून कोण राहिलं, असं समीरने विचारलं की त्याच्यावर खेकसतात.

एक नाव राहिलंय. ते कुणाला विचारायचं, हेच मामांना कळत नाही.