शेवटचा बदल, ४.४०

सोमवारी दुपारी लोणी काळभोरला एका बांधकामाची भिंत मजुरांवर कोसळली. ढिगाऱ्याखाली कोण कोण आहे ते वाचलेल्या मजुरांना फोनवर विचारून मी पाच नावांची यादी टाइप केली, आकडे घालून, शनिवार पेठेतल्या आमच्या दैनिकाच्या कचेरीत. ८.२० ला फाईल बंद केली.

मंगळवारच्या अंकात चारच नावं होती. उशिरा जाहिरात आली, बातमी पानात बसेना, म्हणून एक ओळ उडवली गेली. आमच्याकडे ओळ नेहमी खालूनच उडवतात. खाली सोनबा होता.

दुपारी त्याची बायको शकू अंक घेऊन आली.

"चौघं घावले. ठेकेदार म्हनतो पाचवा कामावर नव्हताच. ह्यो पेपर दावतो. ताई, खोदायचं थांबवलंय."

मी वृत्तसंपादक विश्वजीतरावांना माझी फाईल दाखवली. सोनबाचं नाव जागेवर होतं. शेजारी शेवटच्या बदलाची वेळ होती : आज, २.०४.

"म्हणजे नाव आत्ता घातलंत," ते म्हणाले. "पूर्णिमाबाई, पुरावा निदान शिळा तरी होऊ द्यायचा."

"मी हात लावलेला नाही. चूक आपली आहे. आत्ता तहसीलला फोन करा."

"खुलासा छापू. जागा असली तर."

संगणक विभागातल्या आनंदनं घड्याळ तपासलं. बरोबर होतं. सोमवारी रात्री संगणकानं आपोआप साठवलेल्या प्रतीशी फाईल ताडून पाहिली. एका अक्षराचा फरक नव्हता.

"नुसती उघडून वाचली तर ही वेळ बदलत नाही, मॅडम. कोणी लिहून सेव्ह केलं तरच बदलते."

त्यानं नेटवर्कची केबल काढली. कीबोर्डही काढला. आम्ही बघत बसलो. २.४०. मग २.४४. मग २.४८.

"कोन लिवतंय?" शकूनं विचारलं.



मी तहसील कचेरीत, अग्निशमन दलात, ठेकेदाराकडे फोन केले. तिघांनीही माझाच पेपर मला वाचून दाखवला.

४.३६.

४.४०.

त्यानंतर वेळ हलली नाही. पाच वाजता शकू उठली, पदर सारखा केला आणि गेली.

बुधवारी ती आणि वस्तीतल्या बायका रस्त्यात बसल्या, तेव्हा कुठे जेसीबी परत आला. सोनबा सापडला. डॉक्टर म्हणाले, मंगळवारी दुपारपर्यंत जिवंत असावा, नेमकी वेळ सांगता येणार नाही.

मला येते.

खुलासा आज, गुरुवारी आला. पान सात, दोन ओळी. पाचही सापडले, म्हणून खोदकाम कायमचं बंद झालं आहे.

पुरावा जपून ठेवावा म्हणून आत्ता फाईल उघडली. सोनबाच्या खाली एक आकडा आहे : ६. पुढे नाव नाही.

शेवटचा बदल : आज, ११.१६.

ठेकेदाराला फोन लावला. "बाई," तो म्हणाला, "आता तर तुमच्याच पेपरात पाच आहेत."

११.२०.