एका हाताचे अकरा हजार अर्ज

"अकरा हजार अर्ज, आणि लिहिणारी बाई एकच," पुण्याच्या भाषा-प्रयोगशाळेत पडद्यावरून नजर न काढता रियाज इनामदार म्हणाला. डॉ. वैजयंता साबळे त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

अर्ज परभणीकडच्या एकल बायकांचे होते. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली. राहतं घर बाईच्या नावावर व्हावं, या नव्या कायद्यावर सरकारच्या समितीनं ऑनलाइन मतं मागवली होती. मुदत आज संध्याकाळी पाचची. विरोधकांच्या भाडोत्री खात्यांनी लाखभर खोट्या हरकती ओतल्या होत्या. त्या पकडायला वैजयंताचंच यंत्र बसवलं होतं, शब्दठसा-परीक्षक.

"यंत्र चुकलं असेल," ती म्हणाली.

"कसं चुकेल? माणूस वाक्य कुठं तोडतो, कुठला शब्द कशाला जोडतो, यावरून ते लिहिणारा हात ओळखतं. ठसा एक, तर खाती हजार असली तरी मत एकच. खोट्या हरकती अशाच उडवल्या ना आपण?"

"मग ही बाई कोण?"

रियाज घुटमळला. "ठसा सरकारी दफ्तरातल्या जुन्या अर्जांशी जुळतोय. सरूबाई साबळे. तुझी आई. ती मयत, म्हणून तेही एक मत बाद."

वैजयंतानं त्यातला एक जुना अर्ज पडद्यावर उघडला. आई तीस वर्षं गावोगाव बायकांना लिहायला शिकवत हिंडली. पुस्तकं कुठली असायला! ती आपले अर्जच गिरवायला द्यायची. लेकीच्या यंत्रात हेच आडवं येईल, हे त्या माउलीच्या स्वप्नात तरी आलं असतं का? लेकीला मात्र सुचायला हवं होतं.

तेवढ्यात कौसाबाईंचा फोन आला. आईच्या पहिल्या विद्यार्थिनी त्या. "वैजू, आमचं पोचलं का गं?"

"मावशी, यंत्र म्हणतंय, सगळं आईनंच लिहिलंय."

कौसाबाई म्हणाल्या, "खरंच हाय की. तिच्याबिगर कुठून आलं असतं आम्हाला? पण माझं घर जातंय ना. दीर कुलूप घेऊन दारात बसलाय."

"थांबा मावशी, फोन ठेवू नका."

यंत्र ढिलं केलं असतं तर लाखभर खोटं आत शिरलं असतं. उपाय एकच होता. यंत्र बनवणारीनं स्वतः समितीला लेखी कळवलं, तर मोजणी थांबणार होती. आजवर तिचं सगळं लेखन इंग्रजीत झालेलं. समितीचा कारभार मात्र मराठीत. पावणेपाचला ती लिहायला बसली. जीव ओतून लिहिलं आणि पाठवलं.

समितीला आलेलं प्रत्येक पत्र आधी याच यंत्रातून जाई. तसा आग्रह तिनंच धरला होता. उत्तर लगेच आलं.

"लेखिका सरूबाई साबळे. मयत. पत्र बाद."

तिलाही लिहायला आईनंच शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ती एवढी रडली नव्हती.

रियाजनं घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजले होते. फोन चालूच होता.

"वैजू," पलीकडून कौसाबाई विचारत होत्या, "रडतीस कशापायी? काय लिहून आलंय?"