तुलनेचं खोरं

गाडी सुटता सुटता ती धावत आली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फायलींनी फुगलेली बॅग, आणि बॅगेचा पट्टा नेमका दाराच्या कडीत अडकलेला. ती ओढतेय, कडी सोडत नाही! चालकानं आरशातून हा सामना थोडा वेळ पाहिला, मग सावकाश उतरून आला आणि पट्टा सोडवून दिला.

"गाडी थांबवायचे याहून सोपे मार्ग आहेत," तो म्हणाला. "नुसता हात दाखवायचा."

"रिकामा कुठला दाखवू?"

"हेही खरं." आणि त्यानं तिला आपल्या मागच्याच सीटवर बसवलं.

बाहेर धुकं इतकं दाट की काचेपलीकडे काहीच नव्हतं. आत मात्र चालकाची बडबड होती. खोऱ्यातले लोक त्याला कप्तान म्हणत. खरं तर तो या बससेवेचा व्यवस्थापक. चालक मिळत नाहीत म्हणून सकाळची फेरी स्वतः मारायचा. निदान कारण तरी हेच सांगायचा. स्टिअरिंगवर लाडानं फिरणारे त्याचे हात पाहिले असते, तर ते कारण कुणी अर्ध्या किमतीलाही घेतलं नसतं.

"कामाला आलात? मग चुकीच्या आठवड्यात आलात," तो म्हणाला. "राजधानीतून एक बाई येतेय. ही गाडी मागास भागाच्या विकास निधीवर चालते ना... त्या निधीचा उपयोग झाला की पैसा पाण्यात गेला, ते ती ठरवणार. नाही म्हणाली की गाडी बंद."

"कशी आहे ती बाई?"

"कपाळाला आठ्या. ओठ घट्ट. हसलीच, तर हसण्याची पावती फाडत असेल."

"आणि दिसायला?"

त्यानं आरशात पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "ते... अजून ठरवलं नव्हतं. तुम्ही नक्की काय काम करता?"

"मूल्यमापन," ती म्हणाली आणि हसली. "पावती हवीय?"

गिअर असा काही कचकन पडला की मागच्या सीटवर झोपलेला म्हातारा जागा झाला.

राहायची सोय कप्तानच्या मावशीकडे होती. निवृत्त पोस्टमास्तरीण, गावात भाड्याची खोली तिच्याकडेच. पहिल्याच चहाला मावशीनं भाच्याचा जमाखर्च मांडून टाकला. "माझा आहे म्हणून सांगत नाही. बोलतो फार, पण खोटं बोलत नाही. गप्प बसला तर मात्र समजायचं, काहीतरी लपवतोय."

"मी गाडीचं मूल्यमापन करायला आलेय, मावशी."

"हो का? मग त्याचं फुकटात करून घे."

तिचं काम सांगायला सोपं होतं. खिंडीच्या अलीकडच्या खोऱ्याला निधीतून गाडी मिळाली होती. पलीकडचं खोरं तेवढंच, तसंच, पण त्याला गाडी नाही. हे तिचं तुलनेचं खोरं. दोन्हीकडे घरोघरी जायचं आणि विचारायचं: शहरातल्या कारखान्यात कोण जातं, शाळेत कोण टिकलं, दवाखाना कुणी गाठला. गाडीवाल्या खोऱ्याचं जेवढं जास्त भलं झालं असेल, तेवढं पुण्य गाडीच्या खात्यावर.

पण सांगायला सोपं ते करायला सोपं असतंच असं नाही. एका आजींना तिनं कामाचा एक प्रश्न विचारला, आणि त्याआधी त्यांच्या गुडघ्यांचा समग्र इतिहास ऐकून घेतला. मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. कप्तान कुंपणापाशी उभा राहून हे पाहत होता. कार्यालयात बसून उंटावरून शेळ्या हाकणारे त्याला ठाऊक होते. शेळीच्या गुडघ्याची चौकशी करणारं माणूस पहिल्यांदाच दिसत होतं.

आणि ती? दवाखान्यात निघालेल्या बायांसाठी पुढच्या सीटा राखायला तो कुणाशीही भांडायचा, तेही हसत. उतारावर गाडी अशी न्यायचा की कुणाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळू नये. हे सगळं तिला दिसत होतं. कामाचा भाग म्हणून पाहतेय, असं ती स्वतःला सांगायची.

"आज काय मोजलंत?" तो रोज विचारायचा.

"तुम्ही आरशात किती वेळा बघता ते."

"मागची वाहतूक बघावीच लागते."

"मागे मी एकटी होते."

"तीच वाहतूक म्हणतोय मी..."

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिनं आकडे जुळवले आणि तिचा चेहरा उतरला. कारखान्यातल्या बायका वाढल्या होत्या, शाळेतली मुलं टिकली होती. पण दोन्ही खोऱ्यांत सारखीच. म्हणजे फरक शून्य. गाडी नसतानाही पलीकडच्यांचं तेवढंच भलं झालं असेल, तर गाडी हवीच कशाला? थोरल्या बाई, म्हणजे तिच्या वरिष्ठ, आठवड्यानं निष्कर्ष ऐकायच्या सभेला येणार होत्या. हा कागद त्यांच्या हाती पडला की संपलं.

ती पुन्हा पलीकडे गेली. "गाडी नाही, मग शहरात जाता कसे?"

"चालत की," सगळे म्हणाले. अगदी एका सुरात! पण कारखान्यात जाणाऱ्या एका मुलीचे पांढरे कापडी बूट ओसरीवर होते, आणि खिंडीतून शहरापर्यंतची वाट म्हणजे निव्वळ चिखल. रोज ती वाट तुडवणारे बूट इतके पांढरे? तिनं बुटांकडे पाहिलं, मुलीनं छताकडे. अख्ख्या खोऱ्याची अळीमिळी गुपचिळी.

परतताना तिनं कप्तानला विचारलं, "पलीकडचे लोक कसे हो जातात?"

कप्तान गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीत बरीच माणसं जमली होती, आणि त्यांच्यात छत्री घेऊन तीही उभी होती. कुणी तिच्याशी बोलेना. धुक्यातून दोन पिवळे दिवे आले, गाडी वळली, दार उघडलं... आणि कप्तानचं तोंडही.

"गाडी वळवायला जागा इथंच आहे," तो म्हणाला.

"आणि वळवताना दार उघडावं लागतं?"

"हवा खेळती राहते."

तिला हसू आवरेना. पण सगळे चढून बसले तशी ती खालीच थांबली आणि तिनं त्याला उतरायला लावलं. "निधीच्या नियमात स्पष्ट आहे. फक्त अलीकडच्या खोऱ्यासाठी."

"आहे. पाठ आहे मला." पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "पण वळताना रोज दिसायचे ते, चिखलातून पाय उपसत जाताना. मी रिकाम्या सीटा घेऊन त्यांच्या शेजारून जायचं? एके दिवशी दार उघडलं. मग ते बंद करायचं कसं, तेच कळेना."

"तुम्ही माझं तुलनेचं खोरं बिघडवलंत, कळतंय का? गाडीचा उपयोग इतका झाला की दोन्हीकडे पसरला आणि कागदावर दिसेनासा झाला!"

"मग तसं लिहा."

"नियम मोडल्याचं तुमच्यावर येईल. व्यवस्थापकपद जाईल."

"गाडी राहील ना?" त्यानं आत बसलेल्या माणसांकडे पाहिलं. "मग लिहा."

हा माणूस आपल्याला आवडतो, हे तिला लख्ख कळलं. आणि पाठोपाठ भीती वाटली. मन ज्या निष्कर्षाकडे उडी मारतं त्याच्याकडे आधी संशयानं बघायचं, हे थोरल्या बाईंनीच तिला शिकवलं होतं. आणि तिचं मन तर उडी मारून केव्हाच पलीकडे जाऊन बसलं होतं.

सभेला शहरातल्या शाळेचा हॉल भरला. दोन्ही खोऱ्यांतले लोक, पहिल्या रांगेत मावशी, समोर निधीचे अधिकारी आणि थोरल्या बाई. तिनं सगळं सांगितलं. फरक शून्य का आला ते, गाडी खिंडीत कोणासाठी थांबते ते, नियम कुणी मोडला तेही. मग ती पाणी प्यायली.

"अजून एक. माझं हे काम दुसऱ्या कुणीतरी पहिल्यापासून तपासावं. कारण या सेवेच्या व्यवस्थापकांबद्दल मी... निःपक्षपाती राहिलेले नाही."

अधिकाऱ्यांना बोध होईना. "म्हणजे भांडण झालंय?"

"नाही. उलट."

मावशी मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई!" आणि हॉलमध्ये हशा फुटला. कप्तान मागच्या भिंतीला टेकून उभा होता. त्या भिंतीनं त्या दिवशी फार उपकार केले.

थोरल्या बाईंनी चष्मा काढला. "कधीपासून?"

"सांगता येणार नाही, बाई. सुरुवातीची नोंद घेतली नव्हती."

थोरल्या बाई हसल्या नाहीत, पण चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला. "हे सांगितल्यानं तुझा निष्कर्ष मातीत जाऊ शकतो. ठाऊक आहे ना?"

"न सांगता टिकला असता, तर तो माझा नसता."

"ठीक. घराघरात मी स्वतः जाईन. तोवर गाडी चालू राहील. तू संध्याकाळच्या रेल्वेनं परत जा. अहवालावर माझी सही होईपर्यंत तुम्ही दोघांनी भेटायचं नाही."

पांढऱ्या बुटांची मुलगी मागून उठली. "आमच्याकडे आधी या, बाई. आता खरं सांगायला मोकळे आहोत आम्ही."

हॉलच्या पायऱ्यांवर तो तिच्यासाठी थांबला होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं.

"बॅग घेऊ?"

"नको. तुमच्याकडून लाभ घेतल्यासारखं होईल."

"मला एक सांगायचं होतं..."

"सही झाल्यावर."

"आणि सहीच नाही झाली तर? गाडी गेली, काम गेलं, तर?"

"तर त्याच दिवशी सांगा. मी थांबलेली असेन." ती खाली पाहत म्हणाली.

तो इतका आनंदला की दोन पायऱ्या चुकला. "स्टेशनापर्यंत येऊ?"

"भेटायचं नाही म्हणाल्या ना बाई."

"समोरच्या फुटपाथवरून?"

तिनं विचार केला. नियमाच्या बाजूनं, आपल्या बाजूनं. "रस्ता सगळ्यांचा आहे," ती म्हणाली.

मग ती या फुटपाथवरून आणि तो त्या फुटपाथवरून, मध्ये अख्खा रस्ता ठेवून, दोघं चालू लागली. ती दुकानापाशी रेंगाळली की तिकडे त्यालाही एखादं दुकान आवडायचं. तिनं पाऊल उचललं की तोही निघायचा. कुणी कुणाशी बोललं नाही. नियम कुठेही मोडला नाही. स्टेशनाजवळ रस्ता अरुंद होत जातो, इतका की दोन्ही फुटपाथ जवळजवळ एकमेकांना लागतात. त्याला त्या दोघांचा काही इलाज नव्हता.